लावणीची नाममुद्रा : कोल्हापूरच्या चित्रपट-संगीताचें एक ऋण

लावणीच्या शेवटच्या कडव्यांत शाहिरानें आपलें नांव गुंफावयाचें, ही महाराष्ट्रांतील जुनी रीत आहे. रामजोशी, अनंत फंदी, सगनभाऊ, प्रभाकर यांच्या रचना आज वेगवेगळ्या ओळखूं येतात त्या बऱ्याच अंशीं या एका रीतीमुळें. पेशवाईच्या उत्तरार्धांत हीं कवनें तोंडातोंडीं फिरत होतीं. मराठी छापखाना अजून रुळला नव्हता, कर्त्याचा हक्क नोंदविणारें कार्यालय नव्हतें, आणि ज्याच्या गळ्यांत गाणें उतरलें तो तें वाटेल त्या गांवीं म्हणूं शकत होता. तरीहि कर्त्याचें नांव गाण्याबरोबर चाललें, कारण तें गाण्याच्या अंगांतच विणलेलें होतें. तें काढावयाचें तर शेवटचें कडवेंच गाळावें लागे, आणि कडवें गाळलें कीं जाणत्या श्रोत्याला गाणें अपुरें वाटे. या गुंफलेल्या नांवाला नाममुद्रा म्हणतात.

विसाव्या शतकाच्या मध्यास कोल्हापूर व त्याच्या आसपासच्या मुलखांतील कांहीं संगीतकारांनीं, कवींनीं आणि दिग्दर्शकांनीं ही फडावरची लावणी चित्रपटांत आणली. ज्या घरांतून तमाशाचें नांव काढण्याचीहि चोरी होती, त्या घरांत ती ध्वनिमुद्रिकेच्या वाटेनें शिरली आणि तेथें मानानें राहिली. या घडामोडीचा इतिहास सामान्यतः यशाचा इतिहास म्हणून सांगितला जातो, आणि तो यशाचा आहेहि. परंतु या प्रवासांत नाममुद्रेचें कडवें वाटेंतच गळून पडलें. तें कां गळलें, आणि त्याच्याबरोबर आणखी काय गळलें, हें पाहिल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाहीं.

प्रथम कोल्हापूरचेंच वैशिष्ट्य लक्षांत घेतलें पाहिजे. शाहू छत्रपति १८९४ सालीं राज्यावर आले, आणि पुढच्याच वर्षीं अल्लादियाखांसाहेब या दरबारचे गायक झाले. त्यांच्यामुळें जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी या शहरांत मुरली. त्यापूर्वींच, १८८३ सालीं, गायन समाज देवल क्लब ही संस्था येथें निघालेली होती. कुस्तीसाठीं महाराजांनीं खासबागेचें मैदान बांधविलें आणि त्याला लागूनच १९१५ सालीं पॅलेस थिएटर उभें राहिलें. हेंच पुढें १९५७ पासून संगीतसूर्य केशवराव भोसले यांच्या नांवानें ओळखलें जाऊं लागलें. इकडे ख्याल, तिकडे नाट्यसंगीत, पलीकडे मैदानांत हलगीचा कडकडाट, आणि चैत्रांतल्या जत्रांच्या दिवसांत पंचक्रोशींत ठिकठिकाणीं उभे राहणारे तमाशाचे फड! मोठ्या शहरांत हे प्रकार वेगवेगळ्या वस्त्यांत आणि वेगवेगळ्या वर्गांत वांटलेले असतात. कोल्हापुरांत ते एका माणसाच्या कानावर एकाच आठवड्यांत पडूं शकत होते.

असें असूनहि कोल्हापूरच्या चित्रपटानें आरंभीं फडाकडे पाठच फिरविली होती. बाबूराव पेंटर यांची महाराष्ट्र फिल्म कंपनी मूकपटांची. तिच्या ‘सैरंध्री’ला (१९२०) गाण्याची गरजच नव्हती. १९२९ सालीं येथें स्थापन झालेल्या प्रभात कंपनीनें १९३२ मध्यें ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट काढला. त्याचें संगीत कोल्हापुरांत वाढलेल्या गोविंदराव टेंब्यांचें होतें. राजा हरिश्चंद्राची भूमिकाहि त्यांनींच केली. टेंबे हे नाट्यसंगीताच्या परंपरेंतील थोर पुरुष. साहजिकच त्या बोलपटाचा कान नाटकगृहाचा होता. राजवाड्यांत आणि अरण्यांत घडणाऱ्या पौराणिक कथेला रागदारीचा पोषाख शोभतो. तिच्यांत ढोलकीला जागा नाहीं. चित्रपट हा धंदा अजून आपली प्रतिष्ठा कमावीत होता, आणि ज्याला प्रतिष्ठा कमवावयाची असते तो आपल्या गरीब नातेवाइकांची ओळख सहसा देत नाहीं.

१९३३ मध्यें प्रभात पुण्यास गेली आणि कोल्हापूरच्या चित्रसृष्टीचा मोठा आधार सुटला. मागें राहिलेले स्टुडिओ लहान होते, भांडवल बेताचें होतें. शहरांतील प्रेक्षक हळूहळू हिंदी चित्रपटाकडे ओढला जात होता. त्या चित्रपटाच्या खर्चाशीं आणि झगमगाटाशीं स्पर्धा करणें मराठी निर्मात्याच्या आवांक्याबाहेरचें होतें. राहिला तो तालुक्याच्या गांवचा, बाजारपेठेचा, जत्रेंतल्या तंबूंत बसून खेळ पाहणारा प्रेक्षक. त्याच्या कानाला जें परिचित होतें तेंच त्याला द्यावयाचें, हा विचार कलेइतकाच पोटाचाहि होता. दिनकर द. पाटील यांनीं दिग्दर्शित केलेला ‘जय मल्हार’ १९४७ सालीं आला आणि ग्रामीण जीवनावरील मराठी चित्रपटाला वाट मिळाली.

त्याच वर्षीं मुंबईंत राजकमलचा ‘लोकशाहीर रामजोशी’ निघाला. तो मुंबईंत निघाला खरा. पण त्याचीं पाळेंमुळें शोधीत गेलें तर माणूस कोल्हापुरासच येऊन पोंचतो. दिग्दर्शक व्ही. शांताराम आणि बाबूराव पेंटर हे दोघेहि कोल्हापूरचे. संगीतकार वसंत देसाई हे प्रभातच्या कोल्हापूरच्या दिवसांत उमेदवारी केलेले. गीतें लिहिणाऱ्या ग. दि. माडगूळकरांच्या चित्रपट-व्यवसायाचा आरंभहि कोल्हापुरांतलाच. या चित्रपटाचा नायक म्हणजे सोलापूरचा तो विद्वान ब्राह्मण शाहीर (१७६२-१८१२), कीर्तनाचा वारसा असतांना तमाशांत रमलेला. पांढरपेशा प्रेक्षकाला या कथेनें एक मोठी सोय करून दिली. फडावर उभा असलेला माणूस संस्कृतज्ञ आहे, हें एकदां कळल्यावर त्याला लावणी ऐकण्यास हरकत उरली नाहीं.

ही सोय किती आवश्यक होती, हें त्या काळाकडे पाहिल्यावर समजतें. १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारनें अश्लीलतेच्या आरोपावरून तमाशावर बंधनें घातलीं. पुढें तमाशाच्या सुधारणेसाठीं समिति नेमली गेली आणि वगांच्या संहिता तपासून घेण्याची पद्धत सुरू झाली. १९४८ सालच्या जाळपोळींत भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. १ मार्च १९४९ रोजीं कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यांत विलीन झालें आणि कलावंतांना पोसणारा राजाश्रय संपला. म्हणजे एकीकडे फडावरच्या कलावंताला सरकारी शिक्का मिळवावा लागत होता, दुसरीकडे कोल्हापूरचा स्टुडिओ राखेंतून उठत होता. दोघांनाहि एकमेकांची गरज होती. फक्त पुढें दोघांना मिळालेलें फळ सारखें नव्हतें.

या प्रवाहाचें शिखर म्हणजे १९५९ सालचा ‘सांगत्ये ऐका’. त्याचे दिग्दर्शक अनंत माने हे कोल्हापूरचे. प्रभातमध्यें संकलनाचें काम शिकून ते पुढें आलेले. संगीत वसंत पवार यांचें. तेहि कोल्हापूरचे, मुळांत सतारीवर हात असलेले. गीतें माडगूळकरांचीं. पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहांत हा चित्रपट १३१ आठवडे चालला. अडीच वर्षें एका शहरांत एक तमाशाप्रधान चित्रपट चालतो, याचा अर्थ इतकाच होतो कीं ज्यांनीं फडाची पायरी कधीं चढली नव्हती अशीं हजारों कुटुंबें तो पाहून गेलीं, आणि त्यांतलीं पुष्कळ पुन्हां पुन्हां गेलीं. पुढच्याच वर्षीं ‘जगाच्या पाठीवर’मध्यें सुधीर फडक्यांनीं, म्हणजे भावगीताच्या सौम्य सुरांसाठीं ओळखल्या जाणाऱ्या आणखी एका कोल्हापूरकरानें, तमाशाच्या ढंगाचीं गाणीं बांधून दाखविलीं. १९६२ मध्यें ‘रंगल्या रात्री अशा’ आला. त्यासाठीं वसंत पवारांनीं एका तरुण शिक्षकाकडून लावणी लिहून घेतली आणि ती सुलोचना चव्हाण यांनीं गाइली. तो शिक्षक म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यांतील हळदी गांवीं जन्मलेले जगदीश खेबुडकर. वसंत पवार १९६५ मध्यें वारले. पण धागा तुटला नाहीं. मिरजेच्या राम कदमांनीं तो हातीं घेतला, आणि १९७२ च्या ‘पिंजरा’मध्यें खेबुडकरांचे शब्द, कदमांच्या चाली आणि उषा मंगेशकरांचा आवाज यांनीं तो सर्वदूर नेला. त्याची कथा अनंत माने यांचीच.

या मंडळींनीं जें केलें तें नुसतें उचलणें नव्हतें, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. फडावरची लावणी आणि चित्रपटांतील लावणी यांच्या घडणींत मोठा फरक आहे. फडावर ढोलकी, तुणतुणें, मंजिरी व कडें एवढा सरंजाम. मुख्य गायिकेनें ओळ टाकावयाची आणि मागें उभ्या असलेल्या झीलकऱ्यांनीं ती चढ्या सुरांत उचलून लांबवावयाची. एक ओळ किती वेळ घोळवावयाची हें समोरचा प्रेक्षक ठरवितो; रंग भरला तर एकाच कडव्यावर घटका निघून जाते. मधल्या जागेंत ढोलकी आणि चाळ यांचा जो संवाद चालतो तो लिहून ठेवतां येत नाहीं. याच्या उलट दहा इंची तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेई आणि तिच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांचें गाणें मावे. तेवढ्यांत धृपद, दोन-तीन कडवीं आणि मधलें वाद्यसंगीत बसवावयाचें होतें. ढोलकी राहिली; पण तिच्याभोंवतीं व्हायोलिनें आणि क्लॅरिओनेट आलीं. झीलकऱ्यांची झील आंखडली. ओळीची ती मनमुराद लांबण गेली, आणि तिच्या जागीं प्रत्येक शब्द नेमका उच्चारणारी, ध्वनिक्षेपकाजवळ हळू बोललेंहि ऐकूं जाईल अशी नवी गायकी आली. एवढ्या संकोचांत लावणीचा नखरा न मरूं देणें हें अवघड काम होतें. वसंत पवार आणि राम कदम यांनीं तें साधलें. त्यांच्या चाली नव्या होत्या, माडगूळकर-खेबुडकरांचे शब्द नवे होते.

मात्र याच तीन मिनिटांत शेवटचें कडवें हरवलें. चित्रपटांतील लावणी ही कथेंतल्या एखाद्या नाचणारणीच्या तोंडीं असते. तिच्या तोंडीं कवीचें नांव घालणें प्रसंगाला सोडून झालें असतें. शिवाय कवीचें, संगीतकाराचें आणि गायिकेचें नांव आतां तबकडीच्या मधल्या कागदावर छापलें जात होतें, चित्रपटाच्या नामावळींत झळकत होतें. मग कडव्यांत त्याची गरज काय, असें कोणासहि वाटलें असतें. येथें एक गंमत सांगण्याजोगी आहे. हिंदुस्थानांत ध्वनिमुद्रण सुरू झालें तेव्हां, १९०२ सालीं, कलकत्त्याच्या गौहरजाननें आपल्या गाण्याच्या अखेरीस स्वतःचें नांव स्पष्ट उच्चारून ठेवलें. त्या काळीं तबकड्या दूर जर्मनींत तयार होत. तेथल्या कारागिरांना कोणती तबकडी कोणाची हें कळावें म्हणून ही घोषणा. यंत्रालाहि आरंभीं नाममुद्रेची गरज भासली होती. छापील कागद आला आणि ती संपली.

कागदावरच्या नांवांत आणि कडव्यांतल्या नांवांत एक अंतर आहे. गाण्याच्या अंगांतलें नांव गाण्याबरोबर फिरतें. कागदावरचें नांव तबकडीबरोबर राहतें आणि गाणें पुढें निघून जातें. दुसरें असें कीं कागदावर नांव कोणाचें यावें हें धंदा ठरवितो. ज्या ढंगांत ती चाल बांधली तो ढंग कोणी घडविला, हें सांगण्यास त्या कागदावर रकानाच नव्हता.

असा रकाना मराठींत पूर्वीं होता. जुन्या संगीत नाटकांचीं छापील पुस्तकें उघडून पाहावींत. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या काळापासून पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असा शब्द घालून तें पद कोणत्या जुन्या गाण्याच्या वळणावर बांधलें आहे तें सांगितलेलें असे. कधीं तें एखादें कानडी पद असे, कधीं लावणी, कधीं बायकांच्या तोंडचें गाणें. नाटककारानें नवे शब्द लिहिले. पण सूर कोठून घेतले तें लपविलें नाहीं. गाणाराला चाल समजावी, एवढाच व्यावहारिक हेतु त्यामागें असेल. परिणाम मात्र ऋण मान्य करण्याचा झाला. चित्रपटाच्या गीतपुस्तिकेंत ही ‘चाल’ नाहींशी झाली, कारण चाल आतां संगीतकाराची झाली होती. कायद्यानें ती त्याचीच होती. पण ज्या मातींत ती उगवली ती माती कायद्याच्या नोंदींत येत नाहीं.

हा प्रश्न एकट्या महाराष्ट्राचा नाहीं. अमेरिकेंत १९८० नंतरच्या दशकांत अशीच एक लाट उठली होती, आणि तिची कथा कोल्हापूरच्या कथेशेजारीं ठेवून पाहण्यासारखी आहे. न्यू यॉर्क आणि लॉस एंजेलिस हीं तेथील संगीताच्या व्यापाराचीं मोठीं ठाणीं. त्यांच्यापासून दूर, लहान विद्यापीठांच्या गांवांतून विद्यार्थ्यांच्या वयाच्या तरुणांचे वाद्यवृंद निघूं लागले. जॉर्जिया राज्यांतील अथेन्स येथें १९८० सालीं आर. ई. एम. हा वृंद स्थापन झाला. आरंभींचें कांहीं ध्वनिमुद्रण त्यांनीं विन्स्टन-सेलम गांवीं मिच ईस्टर या संगीतकाराच्या आईबापांच्या घराच्या गॅरेजमध्यें केलें. १९८३ मध्यें त्यांची ‘मर्मर’ ही पहिली मोठी ध्वनिमुद्रिका निघाली. व्यापारी नभोवाणी केंद्रें यांना विचारीत नव्हतीं. विद्यापीठांचीं विद्यार्थ्यांनीं चालविलेलीं छोटीं केंद्रें मात्र यांचीं गाणीं लावीत, म्हणून त्या संगीताला ‘कॉलेज रॉक’ असें नांव पडलें. यांपैकीं अनेकांनीं आजोबांच्या पिढीचें डोंगरी, खेडवळ आणि कृष्णवर्णीयांचें संगीत पुन्हां ऐकण्यास घेतलें. विजेच्या गिटारीचा कल्लोळ आणि जुन्या गाण्याचें साधें वळण त्यांनीं एकत्र आणलें.

इलिनॉय राज्यांतील बेलव्हिल गांवच्या अंकल ट्युपेलो या वृंदानें १९९० सालीं आपल्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेला ‘नो डिप्रेशन’ हें नांव दिलें. हें नांव कार्टर कुटुंबानें १९३६ मध्यें मुद्रित केलेल्या एका जुन्या गाण्याचें. पुढें १९९५ मध्यें या प्रकारच्या संगीताला वाहिलेलें जें नियतकालिक निघालें त्यानेंहि तेंच नांव घेतलें. म्हणजे नव्या गाण्याच्या मुखपृष्ठावरच जुन्या गाण्याची मुद्रा उमटली, आणि ऐकणारा तरुण त्या मुद्रेचा माग काढीत साठ वर्षें मागें जाऊं शकला. किर्लोस्करांच्या पुस्तकांतील ‘चाल’ या शब्दानें जें काम केलें तेंच हें काम.

परंतु तो माग आणखी मागें नेला तर काय सांपडतें? व्हर्जिनियाच्या डोंगराळ भागांतील ए. पी. कार्टर हे कार्टर कुटुंबाचे प्रमुख. १९२७ मध्यें ब्रिस्टल येथें त्यांचें पहिलें ध्वनिमुद्रण झालें. नवीं गाणीं मिळवावीं म्हणून ते गांवोगांव हिंडत आणि जुन्या माणसांच्या तोंडून गाणीं गोळा करीत. या भटकंतींत त्यांच्याबरोबर लेस्ली रिडल नांवाचा एक कृष्णवर्णीय गायक असे. कार्टर शब्द उतरून घेत, रिडल चाल ध्यानांत ठेवी आणि घरीं आल्यावर ती कुटुंबाला शिकवी. कांहीं गाणीं त्याच्या स्वतःच्याच जवळचीं होतीं. तबकड्यांवर नांव कार्टरांचें आलें, रिडलचें आलें नाहीं. १९६० नंतरच्या दशकांत माइक सीगर या संगीत-संग्राहकानें त्याला शोधून काढलें आणि त्याचें गाणें मुद्रित केलें, तेव्हां कोठें जगाला तो ठाऊक झाला. मुळाशीं जें नांव दिसतें त्याच्याखालींहि एखादें न कोरलेलें नांव असूं शकतें, हा या कथेचा बोध.

हा बोध घेऊन पुन्हां लावणीकडे वळलें म्हणजे तिच्या नाममुद्रेंतली उणीवहि दिसूं लागते. नाममुद्रा शाहिराची असे, गाणारीची नसे. लावणी लिहिणारा पुरुष, आणि ती गळ्यांतून व अंगांतून उभी करणारी बहुतेक वेळां स्त्री. शाहिराचें नांव कडव्यानें राखलें. तिचें राखण्यास असें कांहीं नव्हतें. याला दोन सुंदर अपवाद आहेत. एक होनाजी आणि बाळा यांचा. कवनें होनाजीचीं, गाणारा बाळा. पण जनतेनें दोघांना एकाच नांवांत बांधलें आणि ‘होनाजी बाळा’ असेंच ते इतिहासांत राहिले. दुसरा वाळवें तालुक्यांतील रेठरें हरणाक्ष गांवच्या श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी यांचा. कुळकर्णाची घडी मोडून हा ब्राह्मण तमाशांत गेला आणि पठ्ठे बापूराव झाला. त्यांच्या लावण्या रंगल्या त्या हिवरगांवच्या पवळाबाईच्या गळ्यावर. तिच्यावांचून बापूरावांचें नांव महाराष्ट्र घेत नाहीं. या दोन अपवादांवरून दिसतें कीं गाणाराचें ऋण मान्य करण्याची दृष्टि आपल्या लोकांना अपरिचित नव्हती. ती सर्वांच्या वांट्यास आली नाहीं, इतकेंच.

चित्रपटांत तर फडावरची गायिका गाण्यांतून पुरीच बाजूला झाली. पडद्यावर नाचणारी अभिनेत्री निराळी, पाठीमागून गाणारी निराळी. आशा भोसले काय किंवा सुलोचना चव्हाण काय, दोघींचीहि गायकी असामान्य. पण दोघींपैकीं एकीचीहि वाट फडावरून आलेली नव्हती. सुलोचनाबाई तर मुंबईच्या, आणि आरंभीं हिंदी चित्रपटांसाठीं गाणाऱ्या. ज्यांच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या लावणी होती त्यांचें काय झालें, तें दोन नांवांवरून कळतें. वाईच्या यमुनाबाई वाईकर १९१५ मध्यें कोल्हाटी समाजांत जन्मल्या. बैठकीची लावणी, म्हणजे बसून अदाकारीनें एकेक शब्द खुलविण्याची लावणी, ही त्यांची खरी संपत्ति. ‘सांगत्ये ऐका’ पुण्यांत आठवड्यामागून आठवडे चालत होता तेव्हां त्या चव्वेचाळीस वर्षांच्या, ऐन परिपक्व वयांत होत्या. संगीत नाटक अकादमीचें पारितोषिक त्यांना मिळालें तें १९७५ सालीं, आणि पद्मश्री २०१२ सालीं, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षीं. २०१८ मध्यें त्या वारल्या. दुसऱ्या विठाबाई नारायणगांवकर. राष्ट्रपतींच्या हस्तें गौरव होऊनहि त्यांचे अखेरचे दिवस ओढगस्तींत गेले आणि २००२ मध्यें त्यांचा अंत झाला. लावणीच्या तबकड्या या सर्व काळांत घरोघर वाजत होत्या.

याचा दोष वसंत पवारांच्या किंवा खेबुडकरांच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल. त्यांनीं कोणाचें हिरावून घेतलें नाहीं. उलट लावणीच्या अंगावरचा बदनामीचा डाग पुष्कळ धुतला. स्वतः तेहि कांहीं गडगंज झालेले नव्हते. दोष असेलच तर तो ऐकणाराकडे, म्हणजे शहरांतील सुशिक्षित घराकडे जातो. त्या घरानें लावणी स्वीकारली ती एका अटीवर : ती फडावरून थेट येतां कामा नये. मधें पडदा असावा, मधें तबकडी असावी, मधें एखादें आदरणीय नांव असावें. गाणें आंत आलें आणि गाणारी उंबऱ्याबाहेर राहिली. दिवाणखान्यांत ज्या लावणीला दाद मिळत होती, तिच्याच घरच्या मुलीला त्या दिवाणखान्यांत बसावयास पाट मिळाला नसता.

आज या हिशोबाची आठवण करण्यास कारण आहे. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीं केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली आणि शाहू महाराजांनीं उभारलेली ती वास्तु भस्मसात् झाली. दुसऱ्याच दिवशीं केशवरावांची जयंती होती. सारें शहर हळहळलें, आणि तें योग्यच झालें. दगडी भिंतींची राख डोळ्यांना दिसते म्हणून तिचें दुःख होतें. पण एखादी वृद्ध लावणी-गायिका वारते तेव्हां तिच्याबरोबर किती लावण्यांची मूळ अदा जाते, त्याची राख कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं.

भरपाईचा मार्ग मात्र अगदींच बंद नाहीं. १९६२ मध्यें कोल्हापुरास शिवाजी विद्यापीठ स्थापन झालें, आणि आतां विद्यापीठांच्या युवक-महोत्सवांतून लोकनृत्य व लोकवाद्यवृंद यांच्या स्पर्धा नियमानें होतात. गांवोगांवच्या महाविद्यालयांतील मुलें-मुली ढोलकी, हलगी, तुणतुणें घेऊन रंगमंचावर येतात. अमेरिकेंत त्या लहान विद्यापीठांच्या गांवांतील तरुणांनीं जें केलें त्याचेंच हें आपल्याकडील रूप. या मुलांच्या पुढें दोन नमुने आहेत : एक चित्रपटाच्या नामावळीचा आणि एक जुन्या नाममुद्रेचा. त्यांनीं लावणी म्हणण्यापूर्वीं ती कोणत्या शाहिराची, कोणत्या फडाच्या ढंगाची, आणि कोणाच्या गळ्यावरून शिकलेली, हें दोन वाक्यांत सांगितलें तरी पुरे. त्याला खर्च नाहीं, वेळहि फार लागत नाहीं. शिकविणारी बाई हयात असेल तर तिला पहिल्या रांगेंत खुर्ची द्यावी आणि तिचें नांव मोठ्यानें घ्यावें. शेवटचें कडवें पुन्हां जोडावयाचें तें असें. आणि या वेळीं त्यांत शाहिराबरोबर गाणारीचेंहि नांव असावें.